तहसीलदारांची नवी टाकी

तीन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीत तेरा इंचांचा मासा वळतो कसा, हे मी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी तो थोडा मागे सरकला. मग शेपूट मागच्या काचेला टेकवून त्यानं अंग वाकवलं, पुढच्या काचेला तोंड घासत घासत स्वतःला फिरवलं आणि दुसऱ्या बाजूला निघाला. आमच्या बाभुळगावच्या स्टँडमागच्या बोळात ट्रक वळवतात तसा. जरा पुढे गेला की पुन्हा काच, पुन्हा तेच. चार वेळा पाहिलं आणि मी आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आले.

"आता मोजून काय करते?" आई म्हणाली. "तो चालला ना डॉक्टरकडे."

"आई, ह्याले दुःख नाही झालं," मी म्हणाले. "ह्याले जागा पुरत नाही."

मासा बाबांचा होता. ऑस्कर म्हणतात त्याला. सिक्लिड कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. काळं अंग आणि त्यावर राखेखालच्या निखाऱ्यांसारखे नारिंगी पट्टे. बाबांनी तीन वर्षांपूर्वी तो यवतमाळहून आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. त्याचं नाव तहसीलदार. दारात कुणीही आलं की तो काचेशी येऊन माणसाला वरपासून खालपर्यंत बघायचा आणि काहीही न करता परत जायचा, म्हणून.

बाबा, श्रावण ग्रेडर, कापूस संकलन केंद्रावर होते. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढायचा, डोळे किंचित बारीक करायचे आणि ग्रेड सांगायची. त्यांच्या त्या एका शब्दासाठी माणसं गाड्यांखाली सावलीत दोन दोन दिवस बसून असायची. पुढे सगळंच बिघडलं. गेल्या दोन हंगामांत केंद्राच्या आवारात गाड्यांपेक्षा कुत्री जास्त दिसायची. बाबा दुपारीच घरी यायला लागले आणि टाकीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. "ह्याले ग्रेड द्यावी लागत नाही," एवढंच म्हणायचे.

सप्टेंबरात यवतमाळच्या गाडीची वाट बघत असताना ते स्टँडवरच गेले. त्यानंतरच्या आठवड्यात तहसीलदारांनी खाणं जवळजवळ सोडलं. बहुतेक वेळ तळाशी एका कुशीवर पडून राहायचे. डोळ्यांच्या वर, कपाळावर, दोन खड्डे पडले होते, टोच्यानं कोरल्यासारखे. बाबांच्या मागे पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेला प्रत्येक जण टाकीशी थांबला आणि म्हणाला की मुका जीव मालकासाठी झुरतो आहे. मीही तसंच समजत होते. ते समजणं मला आवडतही होतं, हे कबूल केलं पाहिजे.

आईचा विचार साधा होता. मी रोज एसटीनं यवतमाळला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, ती घरी एकटी. माशाचं करणार कोण? यवतमाळच्या एका दातांच्या डॉक्टरांना नव्या दवाखान्यात ठेवायला मोठा मासा हवा होता. मासेवाले बबनराव एकतीस डिसेंबरला येऊन तहसीलदारांना घेऊन जाणार, असं ठरलंही होतं.

"डॉक्टरची टाकी किती फुटांची आहे?" मी विचारलं.

"अडीच."

मी टेप गुंडाळला. घरात बाबांना ओळखणारा आमच्या दोघींशिवाय तो एकच जीव उरला होता, आणि तो अडीच फुटांत जाऊन मरणार होता. "आई, एकतीस तारखेपर्यंत मले दे," मी म्हणाले. "तवापर्यंत खायले लागला तर राहील. नाहीतर बबनरावांच्या हाती मीच देईन."

आईनं टेप माझ्या हातातून काढून घेतला. "तवापर्यंत दिला. पण घराचं तळं करू नको."

सोमवारी यवतमाळच्या सायबर कॅफेत बसून मी एकोणीस पानं छापून घेतली. आयुष्यभर पुस्तकांत राहिले, पण छापील अक्षरांनी इतकी घाई मला कधी लावली नव्हती. एसटीत उभ्यानं वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. टाकीची रुंदी माशाच्या लांबीहून चांगली जास्त हवी, म्हणजे त्याला अंग न दुमडता वळता येतं. लांबी त्याच्या चार-पाच पट. उंचीचं फारसं महत्त्व नाही, हा मासा आडवा जगतो. तो हावरट आहे आणि घाण भरपूर करतो. पाणी थोडं असलं तर ती घाणच त्याला पोखरते, कपाळावर खड्डे पडतात. शिवाय एक गोष्ट त्या पानांत नव्हती, ती माझी मीच शोधून काढली आणि बसमध्ये एकटीच हसले. आमच्याकडे सकाळी चार तास आणि दुपारनंतर चार तास लोडशेडिंग. वीज गेली की हवेचा पंप बंद आणि पाणी गरम ठेवणारा हीटरही बंद. पाणी जितकं जास्त, तितका त्यातला प्राणवायू पुरतो आणि तितकं ते हळू गार होतं. मोठी टाकी म्हणजे लोडशेडिंगवरचा उपाय होता!

घरी आल्यावर मी खडूनं बैठकीच्या फरशीवर चौकोन आखला. सहा फूट बाय दोन फूट. उंची दोन फूट.

आई चौकोनाभोवती फिरली. "इतकुशा माशाले एवढी जागा? माह्या न्हाणीत मी कशी वळते ते कोणी पाह्यलं नाही आजवर."

टाकी कोण बांधणार, याचं उत्तर तिनंच दिलं. "खेमसिंगले बोलाव."

खेमसिंगकाका जवळच्या बंजारा तांड्यावरचे. बावीस वर्षं जिनिंगमध्ये, सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, फिटर होते, बाबांचे मित्र. जिनिंगला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती आणि ते आता खिडक्यांच्या काचा बसवायचे. तरी बोलण्याआधी नाकासमोरून हात फिरवायची सवय गेलेली नव्हती, उडणारा तंतू झटकल्यासारखी.

"पाणी किती राह्यते यात?" त्यांनी विचारलं.

"काठोकाठ भरलं तर सहाशे ऐंशी लिटर."

त्यांनी हात फिरवला. "म्हंजे चार गाठी."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. रुईची दाबलेली गाठ एकशे सत्तर किलोची असते.

"चार गाठी वजन, काचेचं वेगळं. लाकडी टेबलाचं काम नाही हे, बेटा. खाली लोखंड पाहिजे." आणि त्यांचे डोळे एकदम चमकले. "माह्या अंगणात जीनच्या मशीनचे दोन सांगाडे पडून आहेत. भंगारात घेतलते, विकायले मन होत नव्हतं. एकाले एक जोडले तं बरोबर सहा फूट होतात. याडी! आईच्यान, तीस वर्षं थरथर सोसली त्यांनी. पाण्याचं काय, पाणी तं गरीब."

"आणि काच?"

"बारा एमएमची पाहिजे. नवी नको घेऊ. यवतमाळले एक बस्त्याचं दुकान बंद होऊन राह्यलं. लग्नंच होईनात तं बस्ता बांधते कोण? त्याची दर्शनी काच पाहून ठेवली मी."

ती काच मिनीडोर टेम्पोतून आली, उभी, आमच्या दोन गाद्यांच्या मध्ये. तीस किलोमीटर मी तिला हात लावून बसले होते. अंगणात ती आडवी ठेवली तेव्हा तिच्या कोपऱ्यात 'शालू' एवढीच सोनेरी अक्षरं शिल्लक होती. काकांनी ती पात्यानं खरवडली, पट्टी लावली आणि हिऱ्याची रेघ ओढली. रेघेखाली हळूच ठोकलं. काच एका उसाशासारखा आवाज करून दुभंगली आणि मी एवढ्या जोरात टाळी वाजवली, की शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली.

"काय बांधून राह्यले?" एका डोक्यानं विचारलं.

"तहसील ऑफिस," काका म्हणाले.

काचा चिकटवल्या, सात दिवस वाळू दिल्या. अंगणातच पाणी भरून पाहिलं, तर एका कोपऱ्यातून थेंब येत होता. पुन्हा रिकामी केली, कोपरा खरवडला, पुन्हा पाच दिवस. ते पाच दिवस मी दिवस नव्हे, तास मोजले. दुसऱ्यांदा भरली तेव्हा मी आणि काका दोघंही पालथे पडून खालचा कागद बघत होतो. कोरडा. तासानं पाहिलं. कोरडा. आईनं वरून म्हटलं, "नमाज झाली असन तं चहा घ्या."

तळाखाली थर्मोकोल घालून, सहा माणसं लावून टाकी जीनच्या सांगाड्यांवर चढली.

आता सोबती. एवढ्या जागेत एकट्या माशानं काय करायचं? शिवाय पानांत लिहिलं होतं की योग्य सोबत असेल तर हा मासा धीट होतो. प्रश्न होता योग्य म्हणजे कोण. मी यवतमाळला दत्त चौकाजवळच्या बबनरावांच्या दुकानात गेले. तीन फुटांची टाकी जन्मभर पुरते, असं बाबांना यांनीच सांगितलं होतं.

"फ्लॉवरहॉर्न घेऊन जा ताई," ते म्हणाले. कपाळावर टेंगूळ आलेला एक लाल मासा काचेतून माझ्या बोटावर धावून आला. "नशीब उघडते घराचं. पाहा अंगावर चिनी अक्षरं."

"काय लिहिलंय?"

"ते चिन्याले माहीत."

"ऑस्करबरोबर राहील?"

"राह्यते ना! भावासारखे राह्यतीन दोघं."

"बबनराव, आपल्याकडे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून कुऱ्हाडी काढतात."

ते मनापासून हसले. "वाचून आल्या वाटते तुमी. मग गोल्डफिश? शांत आहे, दिसते बी छान."

"त्याच्या तोंडात मावतो. तोंडात मावतो तो सोबती नसतो, जेवण असतं."

"टायगर शार्क?"

"आज बोटाएवढा आहे. वाढला की तीन फूट होतो. मग तुम्ही मला बारा फुटांची टाकी सांगणार."

बबनरावांनी कानामागची पेन्सिल काढून उगीच पाहिली आणि पुन्हा तिथंच ठेवली. मी दुकानभर फिरले. माझ्या यादीत तीन गोष्टी होत्या. तोंडात न मावणारा, भांडणं न उकरणारा आणि कुणी अंगावर आलं तर पळता येणारा. मागच्या ओळीत, अंधाऱ्या टाकीत, मला ते दिसले. तळहाताएवढे गोल, चपटे, रुपेरी. जुन्या चांदीच्या रुपयासारखे. एक वळला की पाचही वळत होते.

"सिल्व्हर डॉलर," बबनराव म्हणाले. "त्याईले कोणी नेत नाही. झाडं खातात."

"आमच्या टाकीत झाडं नाहीत. हे एकटे राहत नाहीत ना?"

"एक ठेवला तं घाबरून मरते. पाच आहेत, पाचही न्या."

"पाचही." माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. पाच असले की तहसीलदारांना कुणा एकाच्या मागे लागता येणार नाही. उंच, गोल अंग, तोंडात शिरणार नाही. सगळं जुळत होतं. त्याबरोबर मी वीतभर लांबीचा एक सकरही घेतला. काचेला तोंड लावून शेवाळ खातो तो, अंगावर चिलखत घातल्यासारखा. त्याला कुणी खात नाही आणि तोही कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कची मला आठवण झाली.

राहिला होता फिल्टर. काकांनी टाकीवर बसेल अशी काचेची लांब पेटी करून दिली होती. पंप पाणी वर टाकणार, ते पेटीतल्या थरांतून गाळून खाली पडणार. थर कशाचे करायचे, हे पानांत होतं: स्पंज आणि सिंथेटिक तंतू. आणि जुन्या टाकीच्या फिल्टरमधलं काहीतरी नव्या फिल्टरमध्ये घाला, म्हणजे उपयोगी जिवाणू सोबत येतात, असंही होतं.

जुन्या फिल्टरमध्ये बाबांची रुई असायची. दर रविवारी ते कपाटातून थैली काढायचे आणि एक पेळू करून त्या छोट्या डबीत बसवायचे. कपाटात अशा सात थैल्या होत्या, नमुन्यांच्या. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात वर्ष आणि प्रत. मी २००३ सालची काढली. 'लांब धागा, पांढरी स्वच्छ, अति उत्तम.' मी ती बोटांत ओढून पाहिली, ते ओढायचे तशी. जिवाणूंचा नियम पाळायचा म्हणून जुन्या डबीतला थोडा बोळा घातला आणि त्यावर ती सबंध थैली पेटीत पसरली. सिंथेटिक तंतू आणले होते ते तसेच पिशवीत राहिले.

आई दारात उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तांदूळ निवडायला निघून गेली.

शनिवारी डॉलर आणि सकर टाकीत सोडले. हाही नियम: मोठा, तापट मासा सगळ्यांत शेवटी, नाहीतर तो सगळी टाकी आपल्या नावावर करून घेतो. रविवारी सकाळी मी जुन्या टाकीत प्लास्टिकचा टब बुडवला आणि तहसीलदारांना आत वळवलं. जाळी वापरली नाही, खवले निघतात. काकांनी टब उचलला, मी खालून धरला. दोन किलोचा जीव, पण मी पाऊल मोजून टाकत होते. टब नव्या पाण्यावर टेकवून तिरका केला.

तहसीलदार टबातून बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. सवयीनं अंग वाकवलं. शेपूट काच शोधत मागे गेली आणि काच तिथं नव्हती. त्यांनी शेपूट सरळ केली. पुन्हा मागे नेली. नव्हतीच.

मग ते निघाले. सहा फूट सरळ. मधे कुठेही न थांबता, पंख अंगाशी घेऊन, टोकाला पोचले आणि तिथं त्यांनी रुंद, आरामशीर वळण घेतलं. काचेला न शिवता.

"वळला!" मी ओरडले. "आई, वळला बघ!"

आई पदराला हात पुसत आली. तोवर ते परत आले होते आणि पाच डॉलर चांदीच्या माळेसारखे त्यांच्या पुढून पळत होते. तहसीलदारांनी एकदा धमकावलं, माळ फुटली, मागे जाऊन पुन्हा जुळली. आता कुणाला धरायचं, ते त्यांना ठरवता येईना. आईनं खुर्ची ओढली, बाबांची, आणि बसली. दुपारपर्यंत उठली नाही. खाणं मात्र त्यांनी त्या दिवशीही घेतलं नाही. उरले होते सात दिवस.

मंगळवारी दुपारी बाराला वीज गेली, चारला आली. पंप सुरू झाला. मी स्वयंपाकघरात होते. अर्ध्या तासानं आईची हाक आली आणि त्या हाकेत माझं नाव नव्हतं, नुसता आवाज होता.

पाचही डॉलर पाण्याच्या वरच्या कडेला तोंडं लावून गटगट करत होते. एक आडवा झाला होता. तहसीलदार कोपऱ्यात, रंग उडालेले, कल्ले जोरजोरानं उघडत होते. खोलीत तुंबलेल्या गटारासारखा वास होता.

मी फिल्टरचं झाकण काढलं. वरची रुई कोरडी होती. पांढरी, स्वच्छ, अति उत्तम. ती उचलली तर खाली काळपट पिवळा लगदा. पाणी रुईतून जातच नव्हतं. त्यानं एका कडेनं आपली वाट काढली होती, आणि गाळ रुईखाली साचून चार तास सडला होता. वीज आल्यावर ते सगळं टाकीत उतरलं.

मी काकांना फोन केला आणि नळी लावून पाणी काढायला लागले. अर्धं पाणी अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. आईनं शेजारच्या विहिरीचं पाणी आणायला सुरुवात केली, चुलीवर पातेलं चढवलं, कढत पाणी मिसळून प्रत्येक बादलीत कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं. मी भरत होते. एकोणीस बादल्या झाल्या तेव्हा काका मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी त्या लगद्याकडे पाहिलं आणि नाकासमोरून हात फिरवला नाही.

"कच्ची रुई पाणी पीत नाही, बेटा. मेण असते तिच्यात. दवाखान्यातला कापूस शिजवून घेतात आधी. आणि फवाऱ्याच्या औषधाचं काय काय उरलं असन तिच्यात, कोण सांगन? ग्रेडर साहेबाले म्या म्हटलं होतं हे."

"म्या बी म्हटलं होतं," आई म्हणाली. "दर आठवड्याले वास ये त्या डबीले. ऐकत नव्हते. कापसाचं त्याईले कोण शिकवन?"

"मग मला काहून नाही सांगितलं?" मी म्हणाले. बादली माझ्या हातातच होती. "मी थैली काढली तेव्हा तू दारात होतीस."

"होती." तिनं कोपर पुसलं. "मेलेल्या माणसाची चूक लेकीले कशी सांगू? तू ती थैली छातीशी धरून आणली होती."

मी बादली रिकामी केली. तहसीलदारांच्या कपाळावरचे दोन खड्डे मला दिसत होते. लहान टाकी, आणि दर रविवारी निवडून, ओढून पाहून, प्रेमानं घातलेली उत्तम रुई. बाबांना कुणी कापसाची प्रत चुकली असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. प्रत चुकली नव्हतीच. ती पाण्यात घालायची वस्तू नव्हती, एवढंच.

"तंतू आणलेत मी," मी म्हणाले. "पण पेटी मोठी आहे, पुरणार नाहीत."

"नायलॉनचं काही असन तं चालते," काका म्हणाले. "न सडणारं."

आई चप्पल घालून बाहेर गेली आणि किराणा दुकानातले सगळे प्लास्टिकचे घासणे घेऊन आली, भांडी घासायचे, हिरवे. बावीस होते. दुकानदारानं विचारलं म्हणे, काकू, जेवणावळ आहे का. आम्ही तिघांनी ते धुऊन पेटीत रचले, त्यावर तंतू अंथरले आणि जुन्या टाकीतली खडी मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून मध्ये ठेवली. पाणी खळखळ करत सगळ्या थरांतून उतरलं.

आडवा झालेला डॉलर वाचला नाही. बाकीचे चार संध्याकाळी खाली उतरले. तहसीलदार कोपऱ्यातच होते. मी आठवडाभराची रजा काढली होती. बुधवारी पाणी बदललं, गुरुवारी बदललं, शुक्रवारी, शनिवारी. काढलेलं पाणी प्रत्येक वेळी लिंबाला. त्यांचा रंग परतला, ते टाकीभर फिरू लागले, डॉलर त्यांच्या पाठीवरून जायला लागले. पण सुके सोडे, भिजवलेला वाटाणा, दाणे, सगळं तरंगत राहायचं.

एकतीस तारीख रविवारी आली. दहाच्या गाडीनं बबनराव येणार होते. मी साडेनऊला लिंबाखाली पाणी ओतायला गेले आणि पाहिलं, आठवडाभर भिजलेल्या मातीतून गांडुळं वर आली होती. डिसेंबरात. मी दोन उचलली, धुतली आणि पळतच आत आले.

"आई, तू टाक."

"म्या? म्या कधी नाही टाकलं त्याले."

"म्हणूनच टाक. माझा हात आता त्याले नको वाटत असेल."

आईनं तोंड वाकडं करत गांडूळ चिमटीत धरलं आणि पाण्यावर नेलं. तहसीलदार दूरच्या टोकाला होते. डॉलर आधी आले, चौघंही, हात बघायला. ते पाहून तहसीलदार वळले. सहा फूट आले, डॉलरांना बाजूला केलं, आईच्या बोटांसमोर थांबले आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाह्यते कसा," आई कुजबुजली.

त्यांनी गांडूळ ओढून घेतलं. मग थुंकलं.

"अर्ज परत केला," मी म्हणाले.

गांडूळ खाली जात होतं. एक डॉलर त्याच्याकडे झेपावला. तहसीलदारांनी मान वळवली, डॉलरच्या तोंडासमोरून ते हिसकावलं, आणि गिळलं. मग दुसरं. मग आईच्या बोटाचं टोक.

"अगं आई गं!" ती हात झटकत ओरडली आणि दोघी हसायला लागलो, इतक्या की मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

दारात बबनराव उभे होते, हातात झाकणाची बादली. टाकी पाहून त्यांनी बादली खाली ठेवली. "अरे बाप्पा. हे काय आहे?"

"चार गाठी पाणी," मी म्हणाले.

ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. तहसीलदारही काचेआडून त्यांच्या बरोबर गेले, आणि बरोबर परत आले.

"मंग," त्यांनी घसा साफ केला, "डॉक्टरले काय सांगू?"

मी आईकडे पाहिलं. एकतीस तारखेचा शब्द तिनं घेतला होता, माझ्याकडून. उत्तर तिचं होतं.

"सांगा, तहसीलदाराची बदली रद्द झाली," आई बोट चोळत म्हणाली. "आणि बबनराव, पुढच्या खेपेले येसान तं एक डॉलर घेऊन येजा. एक कमी झाला आमचा."